काँक्रीटची जमीन : कोपरगाव परिसरातील बांधकामाचा इतिहास

सिमेंट, वाळू, खडी व पाणी यांचे मिश्रण जागेवरच ओतून, सपाट करून व घोटून तयार केलेला इमारतीचा तळपृष्ठभाग म्हणजे काँक्रीटची जमीन होय. मोटारघर (गॅरेज), ट्रॅक्टरची शेड, धान्याचे गुदाम, दुरुस्तीशाळा इ. ठिकाणी चाकांचा भार, तेलाचे डाग व सततची घासाघीस सोसावी लागते. तेथे लाद्यांपेक्षा अशी अखंड जमीन अधिक टिकते. बोलीभाषेत तिला ‘कोबा’ म्हणतात. हा शब्द मूळचा चुन्याच्या चोपून केलेल्या जमिनीचा. सिमेंट आल्यावर तो नव्या पदार्थालाही चिकटला. अशा जमिनीचे काम घरधनी सहसा स्वतः करीत नाही. ते जाणत्या कारागिरास उक्ते वा रोजंदारीने दिले जाते. जमिनीचे खरे गुणदोष वरून दिसत नाहीत. त्यामुळे काम देणारा व घेणारा यांच्यातील विश्वास, मोजमाप व करार यांचा इतिहास हा या विषयाचा अविभाज्य भाग ठरतो. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील कोपरगाव परिसरात काळी माती, कालव्याची शेती व साखर कारखानदारी एकत्र आल्याने हा इतिहास विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

भौगोलिक पार्श्वभूमी : कोपरगाव हे गोदावरीकाठी वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. परिसरातील खडक दख्खनच्या बेसाल्टचा असून त्याच्या अपक्षयातून बनलेली काळी कसदार माती नदीखोऱ्यात पुष्कळ खोलवर आढळते. या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकणखनिजांचे प्रमाण मोठे असते. पावसाळ्यात पाणी शोषून ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला रुंद व खोल भेगा पडतात. शेतीला हा गुण उपकारक आहे. भेगांतून वरची माती आत जाते व जमीन जणू स्वतःच नांगरली जाते. इमारतीच्या तळजमिनीला मात्र तोच गुण घातक ठरतो. भिंतींच्या पायावर इमारतीचे वजन असते. जमिनीच्या थरावर ते नसते. त्यामुळे फुगणारी माती तो थर सहज उचलते आणि आकसताना त्याखाली पोकळी सोडते. पुढे अशा अधांतरी भागावरून चाक गेले की तेथे तडा जातो. शेताचे पाणी आणि परसातील न्हाणीचे पाणी भिंतीकडेने मुरत असल्यास ही हालचाल वर्षभर चालू राहते.

पूर्वपरंपरा : प्रवरा-गोदावरी खोऱ्यातील माणसाने या मातीशी फार पूर्वीपासून जुळवून घेतले आहे. जोर्वे, नेवासे व दायमाबाद या जिल्ह्यातील ताम्रपाषाणयुगीन स्थळांच्या उत्खननांत चोपून घट्ट केलेल्या मातीच्या जमिनी सापडल्या. पुढील काळातही सामान्य घरांत हीच रीत टिकली. पांढरी माती वा मुरूम पसरून, पाणी शिंपून, धुमसाने ठोकून जमीन करावयाची व तिला वेळोवेळी शेणाने सारवावयाचे. सारवण हे स्त्रियांचे काम होते. तडा गेला तर तो पुढच्या सारवणात बुजत असे. जमीन ही एकदाच करून संपणारी वस्तू नव्हती. ती सतत होत राहणारी वस्तू होती.

श्रीमंतांच्या वाड्यांत, देवळांत व घाटांवर घडीव दगडाची फरसबंदी किंवा चुन्याचा कोबा करीत. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव पेशवे कोपरगावी राहावयास आले व १७८३ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या वास्तव्यामुळे या गावाला पेशवाईतील वाडासंस्कृतीचा वारसा लाभला. कोब्यासाठी चुनखडी भट्टीत भाजून तिचा चुना वाळू वा विटांच्या सुरखीसह बैलाच्या घाणीत दळत. विटांचे वा दगडाचे तुकडे त्यात मिसळून थर पसरीत आणि अनेक दिवस लाकडी चोपण्यांनी तो चोपीत. बेलफळाचा गर, गूळ इ. पदार्थांचे पाणी मिसळण्याचीही प्रथा होती. चुना फार सावकाश घट्ट होत असल्याने चोपण्यास व चुका सुधारण्यास अवधी मिळे.

मेणे, रथ व गाड्या ठेवण्याच्या जागेस ‘गाडीखाना’ म्हणत. पुण्यात हे नाव स्थलनाम म्हणून टिकून आहे. गाडीखाना व पागा यांची जमीन बहुधा दगडी असे; लोखंडी धावेच्या चाकाखाली कोबा टिकत नसे. आजचे मोटारघर हा या गाडीखान्याचाच वारस होय.

सिमेंटचे आगमन : इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे एकस्व घेतले. भारतात १९०४ मध्ये मद्रास येथे सिमेंटनिर्मितीचा प्रयत्न झाला. खरे उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदर येथे सुरू झाले आणि लवकरच कटनी व लाखेरी येथील कारखाने त्यास येऊन मिळाले. नव्या पदार्थाच्या प्रसारासाठी १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली, तर १९३६ मध्ये अनेक कंपन्यांच्या एकत्रीकरणातून असोसिएटेड सिमेंट कंपनीज (एसीसी) उभी राहिली.

कोपरगावकडे हा माल येण्याची वाट आधीच तयार होती. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये खुला झाला होता. शहाबादची फरशीही रेल्वेनेच महाराष्ट्रभर पोहोचली व सारवलेल्या जमिनीची पहिली प्रतिस्पर्धी ठरली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी नांदूर मधमेश्वर येथील बंधाऱ्यातून गोदावरीचे डावे व उजवे कालवे निघाले आणि १९१६ मध्ये दारणा धरण पूर्ण झाल्यावर त्यांना भरवशाचे पाणी मिळू लागले. कालव्यांची कामे चुना व दगडाची होती. तथापि त्या कामांवर पाथरवट, गवंडी, बेलदार व वडार यांचे जथे एकत्र आले आणि मोजमापाने काम घेण्यादेण्याची सरकारी पद्धत ग्रामीण भागात परिचित झाली.

चुन्याकडून सिमेंटकडे जाताना कारागिराच्या हाताला नवी शिस्त लागली. सिमेंट कालविल्यावर काही तासांतच घट्ट होऊ लागते. चुन्यासारखी सवलत ते देत नाही. अमेरिकेत डफ एब्रॅम्स यांनी १९१८ मध्ये दाखवून दिले, की काँक्रीटचे बळ मुख्यतः पाणी व सिमेंट यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. पाणी जितके अधिक तितके बळ कमी. पातळ माल पसरावयास सोपा, परंतु त्याची जमीन पुढे धूळ सोडते व तडकते. जाणता कारागीर व नवखा यांतील फरक प्रथम येथेच दिसतो.

साखर कारखाने व यांत्रिक शेती : कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला. प्रथम खाजगी मालकीचे कारखाने निघाले. कोपरगाव तालुक्यातील साकरवाडी हे गावाचे नावच त्याची साक्ष देते. १९५० मध्ये याच जिल्ह्यात प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतर कोपरगाव तालुक्यात कोळपेवाडी व सहजानंदनगर येथे सहकारी कारखाने निघाले. यंत्रांचे चौथरे, साखरेची गुदामे व वजनकाट्यांचे ओटे या कामांतून काँक्रीट परिसरात रुजले. स्थानिक गवंड्यांना पाणसळ धरून मोठा सपाट पृष्ठभाग काढण्याचा सराव अशा कामांवर मिळाला व तोच हात पुढे गावातील घरांकडे वळला.

उसाच्या पैशातून ट्रॅक्टर, जीप व पुढे मोटारी आल्या. बैलांच्या गोठ्याशेजारी शेड उभी राहिली आणि तिच्या जमिनीचा प्रश्न निर्माण झाला. मातीच्या जमिनीत तेल मुरते, चाक रुतते, जॅक लावता येत नाही. शहाबादी फरशी चाकाच्या भाराने फुटते. त्यामुळे घरात फरशी व शेडमध्ये सिमेंटचा कोबा अशी विभागणी रूढ झाली.

नियंत्रणाचा काळ : दुसऱ्या महायुद्धापासून सिमेंटच्या वाटपावर व किंमतीवर शासकीय नियंत्रण होते. १९६६–६७ मधील अल्प काळ वगळता ते दीर्घकाळ टिकले. सामान्य माणसाला परमिटाशिवाय रास्त दराने सिमेंट मिळत नसे. वाटपाचा प्रश्न राज्याच्या राजकारणातही गाजला व त्यातून उद्‌भवलेल्या वादात जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः व १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. या टंचाईचा एक दीर्घ परिणाम कारागिरीवर झाला. माल घरधन्याने पुरवावयाचा व कारागिराने केवळ मजुरी घ्यावयाची, ही पद्धत त्या काळात पक्की झाली. कारण दुर्मीळ सिमेंट दुसऱ्याच्या हाती सोपविण्यास कोणी धजत नसे. सिमेंट वाचविण्यासाठी थर पातळ करण्याची व वरून केवळ कोरड्या सिमेंटची भुकटी भुरभुरून जमीन चकचकीत करण्याची सवयही त्याच काळात बळावली. अशी चकाकी पापुद्र्यासारखी सुटून येते. पण तोवर मजुरी चुकती झालेली असते.

कामाचे तंत्र : चांगल्या जमिनीचे निम्मे काम काँक्रीट येण्यापूर्वीच संपलेले असते. काळ्या मातीत प्रथम ती माती मुरमापर्यंत वा शक्य तितकी खोल काढून टाकतात. त्या जागी न फुगणारा मुरूम सु. १५ सेंमी.च्या थरांनी भरून, प्रत्येक थराला पाणी देऊन तो धुमसाने वा रुळाने दाबतात. त्यावर दगडांचे सोलिंग बसवून फटी खडी-मुरमाने भरतात. त्यावर १:४:८ प्रमाणाचा साध्या काँक्रीटचा थर व शेवटी मुख्य थर घालतात. मोटारघरासाठी मुख्य थराची जाडी सामान्यतः १० ते १५ सेंमी. असते. भिंत व जमीन यांच्यामध्ये सांधा मोकळा ठेवतात आणि पाणी बाहेर जावे म्हणून दाराकडे हलका उतार देतात.

काँक्रीट वाळताना आकसतेच. ते कोठे तडकावे एवढेच कारागिराच्या हाती असते. म्हणून जमिनीचे चौकोनी भाग पाडतात किंवा थराच्या जाडीच्या सु. एक-चतुर्थांश खोल खाचा वेळीच कापतात. तडा गेला तर तो खाचेच्या तळाशी जातो व दृष्टीआड राहतो. ओतल्यावर फळीने माल सारखा करून लाकडी रंध्याने तो समतल करतात. मग थांबावे लागते. पृष्ठभागावर सुटून आलेले पाणी उडून जाईपर्यंत लोखंडी थापी लावावयाची नसते. पाण्यावरच घोटाई केल्यास वरचा थर दुर्बळ होतो. फार उशीर झाल्यास थापी चालत नाही. हा क्षण ऊन, वारा व सिमेंटचा प्रकार यांनुसार बदलतो. तो घड्याळाने ठरत नाही, अंगठा दाबून ओळखावा लागतो. मोटारघरात पृष्ठभाग गुळगुळीत न करता ओल्या कोब्यावर झाडूने वा दोरीने रेघा काढतात, म्हणजे चाक व पाय घसरत नाहीत.

कोपरगावचा उन्हाळा कडक असल्याने ओतण्याचे काम सकाळी लवकर वा सायंकाळी करणे हितावह ठरते. दुसऱ्या दिवसापासून मातीचे वाफे बांधून पाणी साठवितात किंवा भिजलेली गोणपाटे अंथरतात. भारतीय मानकानुसार (आयएस ४५६ : २०००) साध्या पोर्टलंड सिमेंटच्या कामास किमान ७ दिवस व राख वा धातुमळी मिश्रित सिमेंटच्या कामास किमान १० दिवस ओलावा द्यावा लागतो. पाण्याचा दर्जाही महत्त्वाचा असतो. कालव्याच्या क्षेत्रात अतिसिंचनाने काही जमिनी चोपण व क्षारयुक्त झाल्या असून तेथील विहिरींचे पाणी मचूळ असते. साध्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला २,००० मिग्रॅ. पर्यंत चालते, सळया असलेल्या काँक्रीटला मात्र ५०० मिग्रॅ. हीच मर्यादा आहे. शेडच्या जमिनीत जाळी घालणाऱ्याने ही बाब ध्यानी घेणे आवश्यक ठरते. जागेवर करावयाच्या काँक्रीटच्या जमिनीसाठी आयएस २५७१ ही स्वतंत्र संहिता असून तिची सुधारित आवृत्ती १९७० मध्ये निघाली.

काम देण्याच्या पद्धती : परिसरात तीन पद्धती रूढ आहेत. रोजंदारीत घरधनी माल आणतो व गवंडी आणि बिगारी यांना दिवसाचा दर देतो. घाई टळते, परंतु दिवस वाढतात. दुसऱ्या पद्धतीत चौरस फुटावर वा ब्रासवर मजुरीचे उक्ते ठरते (क्षेत्रफळाचा ब्रास १०० चौ. फूट, घनफळाचा १०० घ. फूट, म्हणजे सु. २.८३ घ. मी.). तिसऱ्या पद्धतीत ठेकेदार मालासह सर्व काम अंगावर घेतो. शासकीय कामांत जिल्हा दरसूची, मोजमाप पुस्तक, अनामत रक्कम व दोष निवारणाची मुदत ही साधने असतात. खाजगी कामांत बहुधा तोंडी बोली, थोडी उचल व ओळख एवढ्यावरच सारे चालते.

ही उणीव किती महाग पडते हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ३ मी. रुंद व ५.५ मी. लांब अशा मोटारघराचे क्षेत्रफळ १६.५ चौ. मी. भरते. थर १२.५ सेंमी. जाडीचा ठरल्यास सु. २.०६ घ. मी. काँक्रीट लागते. १:१ १/२:३ या प्रमाणात दर घ. मी.ला ५० किग्रॅ.च्या सु. ८ पिशव्या सिमेंट धरल्यास एकूण १६ ते १७ पिशव्या होतात. ठेकेदाराने थर १० सेंमी.चाच घातला, तर त्याच्या तीन-साडेतीन पिशव्या व त्या प्रमाणात वाळू-खडी वाचते. परंतु वाकविणाऱ्या भाराला तोंड देण्याची थराची क्षमता जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १०० व १५६ या प्रमाणात पाहता ती सु. ३६ टक्क्यांनी घटते. एक इंच कमी झालेली जमीन वरून अगदी तशीच दिसते. म्हणून जाणती मंडळी दराची घासाघीस करण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घेतात : खोदाईची खोली, प्रत्येक थराची जाडी, मालाचे प्रमाण व पाणी मारण्याची जबाबदारी. ओतण्याच्या दिवशी कडेच्या पट्ट्यांची उंची फूटपट्टीने मोजणे ही सर्वांत स्वस्त तपासणी होय.

दोष नेहमी कारागिराचाच असतो असेही नाही. काळी माती काढण्याचा खर्च नको म्हणून घरधनी तिच्यावरच कोबा घालावयास सांगतो, तिसऱ्या दिवशी पाणी मारणे थांबवितो, किंवा आठवड्याच्या आत ट्रॅक्टर आत घेतो. तडा पडल्यावर शेवटचा हप्ता मात्र गवंड्याचा अडतो.

कायदेशीर बाजू : माल व श्रम दोन्ही पुरविणारे काम ही विक्री की सेवा, हा प्रश्न न्यायालयांत दीर्घकाळ चर्चिला गेला. गॅनन डंकर्ली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये असा निर्णय दिला, की अखंड बांधकाम करारातील मालावर राज्यांना विक्रीकर लावता येणार नाही. १९८२ च्या सेहेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ही स्थिती बदलली. २०१७ मध्ये आलेल्या वस्तू व सेवा कर पद्धतीत अशा कामास सेवा मानण्यात आले. घरधन्याच्या दृष्टीने १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा महत्त्वाचा ठरला. बांधकाम ही त्या कायद्याखालील सेवा आहे, असे लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये स्पष्ट केले. जुन्या कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २०२० मध्ये अंमलात आला. तथापि लेखी करार व पावती नसल्यास या संरक्षणाचा लाभ घेणे अवघड जाते.

श्रमिक : या कामाचा सर्वांत खालचा थर माणसांचा आहे. खडी फोडणे व दगड काढणे ही कामे परंपरेने वडार समाजाकडे होती. ब्रिटिश अंमलात अनेक भटक्या जमातींना गुन्हेगार ठरविणारा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात वडारांचा समावेश विमुक्त जातींच्या यादीत आहे. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर शेतकरी कुटुंबांनीही दुष्काळी कामांवर खडी फोडली आणि पूर्वी एका समाजाचे मानले गेलेले श्रम सर्वांच्या वाट्याला आले. यांत्रिक खडीकेंद्रांनी पुढे हातोडा हिरावला. ओतण्याच्या कामावर घमेली वाहून नेण्यात स्त्रियांचा वाटा मोठा असूनही त्यांची गणना बहुधा बिगाऱ्यांत होते आणि थापी क्वचितच त्यांच्या हाती येते. ओल्या सिमेंटने हातापायांची त्वचा जळते. रबरी बूट व हातमोजे छोट्या कामांवर विरळाच दिसतात.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्रीय कायदा झाला व त्याखाली महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. नोंदणीसाठी वर्षातील किमान ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. दहा लाख रुपयांपर्यंत खर्चाची स्वतःच्या राहण्याची खाजगी घरे त्या कायद्यातून वगळलेली होती. म्हणजे एखादे मोटारघर वा ओटा बांधण्यासारखी जी कामे नाक्यावरच्या मजुराला सर्वाधिक मिळतात, तीच प्रायः त्याच्या कक्षेबाहेर राहिली. व्यावसायिक सुरक्षेविषयीच्या २०२० च्या संहितेत हा कायदा समाविष्ट करण्यात आला आहे.

अलीकडील बदल : १९९० नंतर पुणे-मुंबईत तयार मिश्रणाचे कारखाने वाढले व पुढे ती पद्धत लहान शहरांकडे सरकली. गुदामांसाठी ‘ट्रिमिक्स’ या नावाने ओळखली जाणारी निर्वात पद्धत वापरतात. तीत ओतलेल्या थरातील जादा पाणी पंपाने शोषून घेतात व यंत्राच्या पात्यांनी घोटाई करतात. नदीतील वाळूच्या उपशावर पर्यावरणीय परवानगीची अट सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये व राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये कडक केली. त्यानंतर गोदावरीच्या वाळूऐवजी बेसाल्ट दळून केलेल्या कृत्रिम वाळूचा वापर वाढला. तिचे कण कोनाकृती असल्याने माल घट्ट वाटतो व अधिक पाणी ओतण्याचा मोह होतो. नव्या सामग्रीनेही जुनाच नियम अधोरेखित केला आहे : पाणी मालात बेताचे व माल बसल्यावर भरपूर. यंत्रे, मिश्रणे व कायदे बदलले, तरी कोपरगावच्या काळ्या मातीवर टिकणारी जमीन अद्याप तिच्याखालील मुरमावर, मोजून घेतलेल्या जाडीवर आणि थापी केव्हा लावावी हे जाणणाऱ्या हातावरच अवलंबून आहे.